वाऱ्याची सराण आणि कारागिराचा हात

सुगीच्या तोंडावर आमच्या गावात शिकलगार यायचा. खांद्यावर लाकडी घोडा, त्यात बसवलेलं दगडी चाक आणि ते फिरवायला पायाचा पट्टा. चावडीपुढं त्यानं सराण मांडली की आम्ही पोरं भोवती गोळा व्हायचो. विळा चाकाला टेकला, की ठिणग्यांचा फवारा उडे आणि आम्हांला दिवाळीची आठवण होई. शिकलगार मात्र डोळे किलकिले करून, तोंड एका अंगाला वळवून बसलेला असे. तो असा का बसतो, हे विचारायचं आम्हांला कधी सुचलं नाही.

त्या सराणीची आठवण परवा पुन्हा झाली. माझा एक जुना विद्यार्थी डिसेंबरात भेटायला आला होता. तो एका ओतकामाच्या कारखान्यात फेटलिंग खात्यात काम करतो. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडा, चिकटलेली वाळू, वर आलेले कंगोरे घासून साफ करायचे, हे त्याचं काम. त्याच्या हातातली सराण पायानं फिरत नाही; ती दाबलेल्या हवेवर चालते. सकाळच्या गारठ्यात मोटारसायकलवरून आलेला तो, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. त्याची दोन बोटं पेरांपर्यंत पांढरी पडली होती, अगदी मेणासारखी. मी विचारलं तर म्हणाला, "सर, थंडीत होतं असं. अशक्तपणा असेल. टॉनिक घेतोय."

मी इतिहास शिकवणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण ही बोटं मी वाचनात कुठं तरी भेटलो होतो. टॉनिकनं बरं होणारं हे दुखणं नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून आज या वाऱ्याच्या सराणीचा इतिहास आपल्याला सांगणार आहे. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. पण जायबंदी झालेली माणसं पुष्कळ आहेत.

वारा कामाला कसा लागला

वाऱ्याला कामाला लावणं आपल्याला नवं नाही. लोहाराचा भाता म्हणजे दुसरं काय? पण भात्याची हवा विस्तव फुलवते, हत्यार चालवत नाही. हवेनं हत्यार चालवायचं तर ती दाबून, कोंडून ठेवावी लागते. सायकलचा पंप जोरानं मारून पाहा, नळी गरम लागते. दाबलेली हवा तापते आणि मोकळी सुटलेली हवा गार पडते. ही साधी गोष्ट लक्षात ठेवा. पुढं ती आपल्याला लागणार आहे.

दाबलेल्या हवेचा मोठा पराक्रम जगानं पाहिला तो आल्प्स पर्वतात. फ्रान्सकडचं मोदान आणि इटलीकडचं बार्दोनेक्किया या दोन गावांमध्ये पर्वत फोडून रेल्वेचा बोगदा न्यायचा होता. लांबी १२ किलोमीटरांहून अधिक. १८५७ साली काम सुरू झालं. पर्वत इतका उंच, की मधूनच वरून विहिरी खणून काम वाटून घेणं शक्य नव्हतं. आत वाफेचं इंजिन न्यावं, तर धुरानं माणसं गुदमरणार. पहिली काही वर्षं पहार आणि हातोडा यांवरच भागवलं, तेव्हा एका बाजूनं वर्षाकाठी दोन-अडीचशे मीटर वाट होई. सगळं काम पुरं व्हायला पंचवीस वर्षं लागतील, असा अंदाज होता.

जर्मेन सोमेये नावाच्या इंजिनियरानं तोड काढली. बाहेर डोंगरातल्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची, ती नळांतून आत न्यायची आणि तिच्यावर खडकात भोकं पाडणारी यंत्रं चालवायची. १८६१ मध्ये ही यंत्रं कामाला लागली. गंमत अशी, की यंत्रातून सुटलेली हवा आतल्या मजुरांना श्वासालाही उपयोगी पडे. यंत्रं रुळल्यावर एकेका बाजूचं वर्षाचं काम सहाशे मीटरांच्या पुढं गेलं. १८७० च्या नाताळात दोन्हीकडची माणसं पर्वताच्या पोटात एकमेकांना भेटली आणि सप्टेंबर १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. सोमेये मात्र तो सोहळा पाहायला उरला नाही. दोन महिने आधीच तो वारला.

आता याच वर्षांत आपल्याकडं काय चाललं होतं पाहा. १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याचा बोरघाट रेल्वेसाठी फोडला जात होता. तिथं २५ बोगदे खणले गेले. १८६१ च्या सुमारास घाटावर ४० हजारांहून अधिक माणसं राबत होती. त्यांच्या हाती होती पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू. सह्याद्रीचा काळा पत्थर माणसाच्या मनगटानं फुटला. आल्प्समध्ये मनगटाची जागा वाऱ्यानं घेतली, तेव्हा माणसाचे कष्ट वाचले असंच सगळ्यांना वाटलं. ते पुष्कळसं खरंही होतं.

वारा मुठीत आला

बोगद्यातलं अवजड यंत्र पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लहान होत होत कारागिराच्या मुठीत मावू लागलं. दगड कोरायचा हातोडा आला, रिव्हेट ठोकायचा हातोडा आला, आणि पुढं घासकामाचं चाकही आलं. या हवेच्या ग्राइंडरच्या पोटात एक छोटासा रहाटच असतो म्हणाना. मधल्या लाटेला खाचा, खाचांत सरकणाऱ्या पट्ट्या. हवा एका बाजूनं घुसते, पट्ट्यांना ढकलते, लाट गरगरते आणि हवा दुसरीकडून बाहेर पडते. विजेची तार नाही, त्यामुळं ओल्या जागी झटक्याची भीती कमी. कामावर दाबून चाक अडलं, तरी मोटार जळत नाही. वजनाला हलका. कारखानदारांना तो आवडला यात नवल नाही.

पण या हत्याराला तीन जुने शत्रू चिकटून आले. एक क्षणात घाव घालतो, दुसरा काही वर्षांत आणि तिसरा इतक्या हळू, की ज्याला घाव बसतो त्यालाही तो कळत नाही. या तिघांची ओळख जगाला कशी पटली, हेच आजच्या भाषणाचं सार आहे.

फुटणारं चाक

इंग्लंडातलं शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. तिथले घासकाम करणारे कारागीर वालुकाश्माच्या भल्या मोठ्या चाकापुढं बसून पाती घासत. चाकात नजरेला न दिसणारी चीर असली, की ते भर वेगात फुटे आणि समोरचा माणूस जागीच जाई.

वालुकाश्माची जागा पुढं घडवलेल्या चाकांनी घेतली. त्यातली एक हकीगत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत वूस्टर गावी फ्रँक नॉर्टन यांचा मडक्यांचा कारखाना होता. तिथल्या स्वेन पुलसन नावाच्या स्वीडिश कुंभारानं १८७३ मध्ये कुरुंदाची पूड मातीत कालवून तिचं चाक थापलं आणि भट्टीत भाजून काढलं. हे चाक जुन्या दगडापेक्षा एकजिनसी होतं. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन यानं माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून कार्बोरंडम हा अतिशय कठीण पदार्थ तयार केला. आजची कितीतरी चाकं त्याचीच असतात.

चाक भाजलेल्या मातीचं आहे, हे कळलं की त्याची परीक्षाही कळते. आपल्या आया-बहिणी बाजारात माठ घेताना काय करतात? बोटानं टिचकी मारतात. खणखणीत वाजला तर घेतात, बद्द वाजला तर ठेवून देतात. भाजलेल्या चाकाची परीक्षा हीच. मोकळं टांगून लाकडी मुठीनं हलकेच ठोकायचं. चीर असेल तर आवाज बद्द येतो. मात्र हातातल्या ग्राइंडरला पुष्कळदा राळेनं बांधलेली चाकं लावतात. ती मुळातच बद्द वाजतात. त्यांना नुसता कान पुरत नाही. नजरेनं तपासावं लागतं, आणि त्यांच्यावर छापलेली मुदत पाहावी लागते.

आता वेगाचा हिशेब करू. शाळेतल्या मुलांना घालण्याजोगं गणित आहे. १०० मिलीमीटर व्यासाचं चाक मिनिटाला १२ हजार फेरे घेतं. परीघ काढा, फेऱ्यांनी गुणा. चाकाची कड तासाला सुमारे सव्वादोनशे किलोमीटर वेगानं धावते आहे, असं उत्तर येईल. त्यातून वेग दुप्पट झाला, तर चाक फाडू पाहणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. विजेच्या यंत्राचा वेग बहुधा ठरलेला असतो. हवेच्या ग्राइंडरचं तसं नाही. नळीतला दाब वाढला, किंवा आतला वेग आवरणारा गव्हर्नर तेलाअभावी अडकला, तर मोकळं चाक भडकतं. म्हणून पहिला नियम असा, की चाकावर छापलेला कमाल वेग हत्याराच्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. दुसरा, हत्याराचा वेग मोजणीच्या यंत्रानं वरचेवर तपासावा. तिसरा, चाकावरचं झाकण काढू नये. "झाकणानं काम दिसत नाही" ही तक्रार शेफील्डपासून चालत आली आहे. पण चाक फुटलं तर तुकडे अडवायला मध्ये दुसरं काहीच नसतं. नवं चाक चढवल्यावर निदान एक मिनिट ते मोकळं फिरवावं आणि त्या वेळी त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्यात हा अनुभव कलमांत आला. घासकामाच्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा सुरक्षित कमाल वेग लिहिलेली पाटी कायम लावली पाहिजे, असं त्यात सांगितलं गेलं, आणि उडणाऱ्या कणांपासून डोळे वाचवायला चष्मे किंवा पडदे पुरवण्याचंही कलम घातलं गेलं. आमचा शिकलगार तोंड वळवून का बसे, त्याचं उत्तर त्या कलमात आहे.

न दिसणारी धूळ

दुसरा शत्रू धूळ. शेफील्डचे डॉक्टर आर्नल्ड नाइट यांनी १८३० मध्ये 'घासणाऱ्यांचा दमा' या रोगावर लिहिलं. पाणी न घालता कोरडे काटे घासणारे कारागीर सरासरी पस्तिशीच्या पलीकडं फारसे जात नाहीत, असं त्यांनी नोंदवलं. ओल्या चाकावर काम करणाऱ्यांना आणखी दहाएक वर्षं मिळत.

याच शेफील्डात एब्रॅहम नावाच्या एका शाळामास्तरानं १८२० नंतरच्या वर्षांत लोखंडाची धूळ ओढून घेणारं लोहचुंबकाचं साधन तयार केलं. शिक्षक बंधुभगिनींना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट. पण कारागिरांनी ते वापरलं नाही. का? त्यांना भीती वाटली, की धूळ गेली तर या धंद्यात अधिक माणसं अधिक वर्षं टिकतील, गर्दी होईल आणि मजुरी उतरेल. लवकर मरण येतं म्हणून तर पगार बरा मिळतो! हे वाचून आपण हळहळतो. पण त्यांना मूर्ख म्हणू नका. पोटाची सोय आणि जिवाची सोय एकमेकींच्या विरुद्ध उभ्या केल्या, की माणूस पोटाची बाजू घेतो. सुरक्षिततेचं साधन नुसतं पुरवून भागत नाही. ते वापरणाऱ्याची मजुरी बुडणार नाही, हेही पाहावं लागतं.

हवेच्या हत्यारांनी ही धूळ कितीतरी वाढवली. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बॅरी हे ग्रॅनाइटचं गाव आहे. इटलीतल्या कराराहून आलेले नामांकित मूर्तिकार तिथं स्थायिक झाले होते. हवेची हत्यारं आली, हिवाळ्यात बंद असलेल्या शेडमध्ये गारेची बारीक धूळ तरंगू लागली आणि कारागीर सिलिकोसिस व क्षय यांनी जाऊ लागले. १९२४ पासून सरकारी आरोग्य खात्यानं तिथं धूळ मोजली, माणसं तपासली. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक हत्याराशेजारी धूळ शोषून घेणारे नळ बसवले गेले. त्यानंतर कामाला लागलेल्या पिढीत हा रोग फारच विरळ झाला. हत्यारं तीच, दगड तोच; धूळ जिथं उठते तिथंच ती पकडली, एवढाच फरक.

ओतकामाच्या कारखान्यातही हीच गार असते. कास्टिंगला चिकटलेल्या जळक्या वाळूत ती असते आणि ग्राइंडर तिचं पीठ करतो. नाकाला बांधलेला रुमाल त्या पिठाला अडवू शकत नाही. शोषक नळ हवा, त्याच्या जोडीला योग्य मुखपट्टी हवी. आणि काम संपल्यावर हवेच्याच नळीनं अंगावरची धूळ उडवायची सवय तर सोडूनच द्यायला हवी. त्यानं धूळ पुन्हा छातीत जाते, डोळ्यांत जाते, आणि जखमेतून हवा शिरली तर जिवावर बेतू शकतं.

पांढरी बोटं

आता माझ्या विद्यार्थ्याच्या बोटांकडं येतो. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात बेडफर्ड भोवती चुनखडकाच्या खाणी आहेत. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला लागलेला दगड त्याच भागातला. तिथले कारागीर मिनिटाला तीन हजारांहून अधिक ठोके देणारा हवेचा हातोडा वापरत. थंडीच्या सकाळी त्यांची बोटं पांढरी, बधिर होत. सदऱ्याची गुंडी लावता येईना. हात गरागरा फिरवून रक्त परत आणावं लागे. मालकपक्षाला ही तक्रार फुगवलेली वाटे.

१९१८ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, डॉ. ॲलिस हॅमिल्टन या बाई तिथं गेल्या. पुढच्याच वर्षी त्या हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या स्त्री-अध्यापक झाल्या. त्यांनी कारागिरांना कामाच्या जागी, गारठ्यात पाहिलं. कोणतं बोट, कोणत्या पेरापर्यंत, कोणत्या हाताचं, हे टिपलं. त्यांना आढळलं, की छिन्नी धरणारा डावा हात अधिक बिघडतो. म्हणजे माणसाची प्रकृती नव्हे, हत्यार धरण्याची तऱ्हा यात गुंतलेली आहे. त्यांनी तीन कारणं सांगितली: हत्याराची थरथर, घट्ट आवळलेली मूठ आणि थंडी. सुटलेली हवा गार असते, हे मघाशी म्हटलं होतं, आठवतं ना? तीच गार हवा हातावर येत राहिली, तर थंडीत भरच पडते.

तपासलेल्यांपैकी बहुतेकांना हा विकार होता. अहवाल त्याच वर्षी छापला गेला. मग काय झालं? साठ वर्षांनी, १९७८ मध्ये, दुसरे संशोधक त्याच बेडफर्डला गेले. त्यांना दहांतल्या आठ कारागिरांची बोटं तशीच पांढरी आढळली! ब्रिटननं हा विकार धंद्याचा रोग म्हणून मान्य केला तो १९८५ मध्ये, आणि रोजच्या थरथरीला किती मर्यादा असावी हे युरोपीय संघानं २००२ मध्ये ठरवलं.

चाक फुटतं ते सगळ्यांना ऐकू जातं. खोकलाही ऐकू जातो. पण बोटाचा बधिरपणा ज्याचा त्यालाच कळतो, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. तो ठेवायला जगाला एवढी वर्षं लागली.

हे कुणी सांगायचं?

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे सर, मी कमजोर नाही?" त्या प्रश्नानं मला वाईट वाटलं. दोन हिवाळे तो हे दुखणं लपवत होता, कारण सांगितलं तर 'नाजूक' म्हणतील.

मी त्याला डॉक्टरांकडं पाठवलं आणि काय करतोस ते स्पष्ट सांग म्हटलं. लवकर लक्षात आलं आणि थरथर थांबली, तर पांढरं पडणं कमी होऊ शकतं. पण गेलेली संवेदना पुरती परत येईलच असं नाही. त्यानं आता मुकादमाशी बोलून पाळी वाटून घेतली आहे. सलग ग्राइंडर धरत नाही. हत्यार आवळून धरायचं नाही, बोथट किंवा डुगडुगणारं चाक रेटायचं नाही, हात कोरडे नि उबदार ठेवायचे, सुटणारी हवा हातावर येऊ द्यायची नाही, हे त्याला पटलं आहे. चाक बदलताना आधी नळाचा कॉक बंद करायचा, नळीत राहिलेली हवा सोडायची, नळी काढायची आणि मगच पान्याला हात घालायचा, हेही. आणि हत्यार खाली ठेवण्याआधी चाक पुरतं थांबू द्यायचं.

श्रोतेहो, आपल्या गावची मुलं आज कोल्हापूर, पुणे, नाशिक, औद्योगिक वसाहत असेल तिथं कामाला जातात. सुट्टीला घरी येतात तेव्हा आपण पगार किती, खोलीचं भाडं किती, असं विचारतो. एकदा त्यांचे हातही पाहा. "डोळ्यांत काही जातं का? खोकला आहे का? सकाळी बोटं पांढरी पडतात का?" एवढं विचारा. शिक्षकांनी आठवीच्या वर्गात परिघाचं गणित घालताना विहिरीच्या रहाटाबरोबर एखादं ग्राइंडरचं चाकही घालावं. उत्तर काढलेला मुलगा पुढं कारखान्यात गेला, तर झाकण काढण्याआधी दोनदा विचार करील.

त्या दिवशी निघताना माझ्या विद्यार्थ्यानं हातमोजे चढवले आणि गाडीला किक मारली. ऊन वर आलं होतं. बोटांत रक्त परत आलं होतं. पुढच्या डिसेंबरात तो येईल, तेव्हा चहा देण्याआधी मी त्याचे हात पाहणार आहे.